राणी माशाचा भाव

१९२१ साली मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ नावाचं, वाफेवर चालणारं ट्रॉलर जहाज अरबी समुद्रात उतरवलं. कोळ्यांच्या होड्या जात त्याच्या पलीकडे मासा आहे का, आणि असला तर तो जहाजाने ओढून आणून विकणं परवडतं का, हे दोन प्रश्न सरकारला पडले होते. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं, दुसऱ्याचं ‘नाही’. जहाजाचा खर्च मासळीच्या विक्रीतून निघेना. १९२२मध्ये प्रयोग गुंडाळला. बंगालच्या उपसागरात १९०८च्या सुमारास ‘गोल्डन क्राउन’ने हेच करून पाहिलं होतं, आणि मद्रासेत १९२७नंतर ‘लेडी गॉशेन’ करणार होती. तिन्ही जहाजांची गत एकच झाली.

आपल्याकडच्या मासेमारीच्या धंद्याचा इतिहास बहुधा या जहाजांपासून सांगतात, कारण सरकारी कागद त्यांचेच जास्त. मासा मात्र त्या काळी दुसरीकडे आणि दुसऱ्याच तऱ्हेने मारला जात होता. जयगडच्या खाडीच्या तोंडापासून खाली रत्नागिरीच्या मिऱ्या डोंगरापर्यंतचा किनारा घ्या. मालगुंड, गणपतीपुळे, भंडारपुळे, वरवडे, नेवरे, आरे-वारे, काळबादेवी. मधूनमधून एखादी खाडी, बाकी उघडी पुळण. खारवी, भंडारी, कोळी आणि दाल्दी मुसलमान ही इथली दर्यावर्दी माणसं. गणपतीपुळ्याला तर टेकडी, तिच्या पायथ्याशी पश्चिमेकडे तोंड करून बसलेला देव आणि देवाच्या पायरीपाशी समुद्र. मध्ये आडोसा नाही. पण होडी लाकडाची आणि हलकी असे तोवर आडोशाची गरजही नव्हती. दहा-बारा माणसांनी हात लावला की ती वाळूवर येई. प्रत्येक पुळण हेच त्या त्या गावाचं बंदर.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं लांब जाळं. ती लागली की सगळी वाडी दोराला लागायची. आलेल्या मासळीचे वाटे पडायचे, जाळ्याचा, होडीचा, माणसाचा. भाव ठरायचा तो मासा किती वेळ टिकतो यावर, आणि तो अर्धा दिवसही टिकत नसे. म्हणून ताजी मासळी खाणारा माणूस किनाऱ्यापासून पाच-सहा कोसांच्या आतलाच. उरलेली उन्हात नाहीतर मिठात जायची. सुका बांगडा, सुकी सोडं, खारवलेली सुरमई घाट चढून देशावर जायची. तारलीचा फारच मोठा थवा लागला आणि वाळवायला जागा पुरेना, तर ती माडाच्या मुळाशी खत म्हणून पडायची. आजच्या वाचकाला हे नासधुशीचं वाटेल. त्या काळचा तो साधा हिशोब होता. विकता येत नाही त्या माशाचा उपयोग माडाला तरी व्हावा.

यात मिठाला फार महत्त्व होतं. इंग्रज सरकारने मिठावर कर बसवलेला. कराचं मीठ माशाला लावलं तर सुका मासा माशापेक्षा महाग पडे. यावर तोड म्हणून सरकारने रत्नागिरी आणि कारवार जिल्ह्यांत मासे खारवण्याची आवारं उघडली. मासळी घेऊन आवारात जायचं, तिथे मिळणाऱ्या सवलतीच्या मिठात ती खारवायची, पण मीठ आवाराबाहेर न्यायचं नाही.  १९३०च्या मे महिन्यात, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्याच शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. मच्छीमाराच्या घरात हे मीठ राजकारणाच्या कितीतरी आधी शिरलेलं होतं.

आता स्वातंत्र्याच्या काळात येऊ. दुसऱ्या महायुद्धाने आणि बंगालच्या दुष्काळाने ‘अन्न वाढवा’ हा घोष सुरू केला होता. त्याच भरात १९४६ साली केंद्र सरकारने मुंबईत खोल समुद्रातल्या मासेमारीचं केंद्र काढलं. आजच्या ‘भारतीय मत्स्य सर्वेक्षण’ या संस्थेचं हे मूळ. १९४८पासून ‘मीना’ नावाचं ट्रॉलर फिरू लागलं, मग ‘अशोक’ आणि ‘प्रताप’ आली, पन्नाशीच्या सुरुवातीला ‘तैयो मारू १७’ हे जपानी जहाजही मुंबईच्या पाण्यात येऊन जाळं ओढून गेलं. विल्यम कॅरिकपुढचेच दोन प्रश्न आता नव्या देशाचं सरकार विचारत होतं.

त्यांना खाजगी उत्तर द्यायला निघाली ती मुंबईची ‘न्यू इंडिया फिशरीज’ ही कंपनी. नावातच नवा भारत. तिची पद्धत जपानी होती. दोन जहाजं एकमेकांपासून अंतर राखून समांतर चालतात आणि दोघांच्या मध्ये एकच प्रचंड जाळं तळ घासत येतं. याला बुल-ट्रॉलिंग म्हणत. कंपनीच्या जहाजांची नावं होती ‘अर्नाळा’, ‘पाज’, ‘सातपाटी’ आणि ‘पिलोतन’. पैकी अर्नाळा आणि सातपाटी ही ठाण्याच्या किनाऱ्यावरची नामांकित कोळी गावं. ज्या गावांच्या होड्यांना मागे टाकायचं त्यांचीच नावं जहाजांच्या नाळेवर रंगवण्यात कोणाला काही वावगं वाटलं नसावं. मुंबई ते सौराष्ट्र या पट्ट्यात त्यांनी घोळ, वाम, शिंगाळा, कोत अशी मोठी मासळी काढली आणि ती मुंबईत उतरवली. सागरी मत्स्य संशोधकांना त्या नोंदींचा पुढे पुष्कळ उपयोग झाला. रत्नागिरीच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. राष्ट्रीय मासेमारी कंपनी म्हणजे मुंबईच्या धक्क्याला लागलेली मोठी जहाजं, ही कल्पना मात्र दिल्लीतल्या कागदांत घट्ट बसली आणि पुढची चाळीस वर्षं निघाली नाही.

माझ्या मते गफलत इथेच झाली. जहाज किती मोठं आणि ते किती दूर जातं यावर धंदा उभा राहील असं सगळ्यांनी धरलं. धंदा उभा राहिला तो बर्फावर, रस्त्यावर आणि दूरच्या कोणाला तरी एखादा मासा अचानक हवासा वाटण्यावर. त्याची सगळी हालचाल किनाऱ्यावर झाली.

पहिली हालचाल कोळंबीची. १९५३ साली कोचीहून गोठवलेल्या कोळंबीची पहिली खेप अमेरिकेला गेली. त्याच वर्षी केरळात नींदकरा इथे नॉर्वेच्या मदतीने मासेमारी सुधारण्याचा प्रकल्प सुरू झाला. नॉर्वेजियन मंडळींना गावकऱ्यांच्या होड्यांना इंजिनं लावून त्यांना जास्त मासा खाऊ घालायचा होता. झालं भलतंच. इंजिनाच्या होडीला लहान ट्रॉल जाळं लावलं की तळची कोळंबी येते, आणि तिला अमेरिकेत आणि मग जपानात डॉलरने भाव आहे, हे कळल्यावर सगळा पश्चिम किनारा त्या जाळ्यामागे धावला. १९७२मध्ये सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण स्थापन झालं, आणि परकीय चलनाच्या दुष्काळात सरकारच्या लेखी मासळी अन्नखात्यातून निर्यातखात्यात गेली.

रत्नागिरीत १९५८पासूनच सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र होतं. देवमाशाचा अवाढव्य सांगाडा पाहायला शाळांच्या सहली जातात तेच. १९७२मध्ये कोकण कृषी विद्यापीठ झालं, १९८१मध्ये शिरगावला मत्स्य महाविद्यालय आलं. राज्याने १९७३ साली मत्स्योद्योग विकास महामंडळ काढलं. सहकारी संस्थांमार्फत कर्ज, इंजिनाला अनुदान, डिझेलवर सवलत, असं करत ट्रॉलर वाढत गेले. पण या सगळ्याने किनाऱ्याचा नकाशा कसा बदलला ते फारसं लिहिलं गेलेलं नाही. इंजिनाची जड नौका वाळूवर ओढून ठेवता येत नाही. तिला खोल, शांत पाणी लागतं, डिझेलचा पंप लागतो, बर्फाची लादी फोडून थेट खणात ओतणारा कारखाना लागतो, ट्रक उभा राहील असा धक्का लागतो. हे सगळं एकत्र मिळण्याचं ठिकाण म्हणजे रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर. थोडंफार जयगडच्या खाडीत, तिकडे हर्णैला, दक्षिणेला साखरीनाट्याला. बाकीच्या पुळणी हळूहळू बंदर उरल्या नाहीत. त्या किनारा झाल्या. पुढे गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी तो किनारा पर्यटकांनी घेतला. तिथे आज घोडागाड्या, उंट आणि पाण्यात खेळणारी कुटुंबं दिसतात. मासेमारी तिथून गेली ती पर्यटनामुळे असा समज आहे. खरं तर आधी इंजिनाने ती नेली, पर्यटन नंतर आलं.

ट्रॉलच्या जाळ्यात कोळंबी येई ती थोडी, आणि तिच्याबरोबर बाकीचं पुष्कळ. राणी मासा, चोर बोंबील, बारीक ढोमा, वाकटी. राणी मासा दिसायला देखणा, गुलाबी अंगावर पिवळे पट्टे. पण सुरमई-पापलेटाच्या, बांगड्या-सौंदाळ्याच्या कोकणात त्याला कोण विचारतो? मांस मऊ, चव बेताची. कोळंबी वेगळी काढून झाली की उरलेलं कुटीत जायचं. म्हणजे वाळवून, कुटून कोंबड्यांच्या खाद्याला नाहीतर खताला. कित्येकदा नौकेतली जागा वाचवायला ते समुद्रातच परत टाकत.

इथून गोष्ट काही काळ पार उत्तरेला, बेरिंग समुद्रात जाते. जपानात माशाचं मांस धुऊन, कुटून, वाफवून वड्या करण्याची रीत शेकडो वर्षांची. त्या धुतलेल्या, कुटलेल्या मांसाला सुरिमी म्हणतात. अडचण एकच होती. ते गोठवलं की बर्फात त्यातली प्रथिनं मोडायची आणि वितळल्यावर चोथा व्हायचा. १९६०च्या आसपास होक्काइदोच्या मत्स्य संशोधन केंद्रात असं आढळलं की गोठवण्याआधी साखर मिसळली तर मांसाचा चिवटपणा टिकतो. हा शोध लहान दिसतो, पण त्याने उत्तर पॅसिफिकमध्ये अक्षरशः कारखाने तरंगू लागले. अलास्का पोलॉक नावाचा, एरवी कोणी न विचारणारा मासा जहाजावरच धुऊन, गोठवून ठोकळे होऊ लागला. सत्तरच्या दशकात या ठोकळ्यांतून खेकड्याच्या मांसासारखी दिसणारी, वरून केशरी रंग लावलेली कांडी निघाली. जगाच्या सॅलडात ती गेली. तिच्यात खेकडा जवळजवळ नसतोच.

१९७७च्या सुमारास जगातले देश एकामागून एक आपल्या किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांवर हक्क सांगू लागले. भारताचा कायदा १९७६चा. अमेरिकेने आणि सोव्हिएत रशियाने आपलं पाणी आवळलं, तेव्हा जपानी आणि इतर जहाजं बेरिंग समुद्राच्या मधोमध उरलेल्या, कोणाच्याही हद्दीत नसलेल्या तुकड्यात गर्दी करू लागली. ऐंशीच्या अखेरीला तिथला पोलॉक संपला. १९९३मध्ये तिथली मासेमारी थांबवली गेली, १९९४मध्ये तसा करार झाला. १९९१च्या आसपास सुरिमीचे भाव आभाळाला भिडले होते. थायलंडने तोवर उष्ण समुद्रातल्या माशापासून सुरिमी करून दाखवली होती, आणि तिला जपानी ग्राहकही मिळाला होता. तो मासा म्हणजे आपला राणी.

रत्नागिरीत दीपक गद्रे यांची गद्रे मरीन ही कंपनी १९७८पासून मासळीच्या धंद्यात होती. १९९४ साली त्यांनी रत्नागिरीत सुरिमीचा कारखाना काढला. भारतातल्या सुरिमीची सुरुवात इथून झाली. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतून निघालेले ठोकळे जपानला आणि पुढे इतर अनेक देशांना जाऊ लागले. नंतर गुजरातेत चोरवाडला आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावरही तिने कारखाने काढले. आज ती देशातली सर्वांत मोठी सुरिमी करणारी कंपनी मानली जाते आणि जगातल्या मोठ्या कंपन्यांत गणली जाते. न्यू इंडिया फिशरीजने जी जागा मुंबईच्या धक्क्यावरून मिळवायची ठरवली होती, ती एका जिल्ह्याच्या गावातून, मोठ्या जहाजांचा ताफा न बाळगता मिळाली. मासा आणायचं काम शेकडो लहान नौकांचे मालक, तांडेल आणि खलाशी करतच होते. कारखान्याने भाव तेवढा लावला.

कारखान्यातलं काम बाहेरच्याला रुक्ष वाटेल, पण त्यात पुष्कळ खुबी आहे. डोकं आणि आतडं काढलेला मासा बारीक भोकांच्या फिरत्या पिंपावर पट्ट्याने दाबला जातो, मांस आत जातं, काटे आणि साल बाहेर राहतात. ते मांस थंड पाण्यात पुन्हा पुन्हा धुतात. रक्त, चरबी, वास आणि रंग निघून जातो आणि पांढरंशुभ्र, निर्विकार प्रथिन उरतं. ते गाळून, पिळून त्यात साखर आणि सॉर्बिटॉल मिसळतात आणि दहा किलोंचे ठोकळे गोठवतात. अख्ख्या माशाचा साधारण पाव हिस्साच शेवटी ठोकळ्यात उतरतो. खरा जीव जातो तो पाण्यात. मांसाच्या कितीतरी पट गोडं पाणी लागतं, आणि तेही बर्फासारखं गार. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात हे गणित सोपं नाही.

दुसरी अट ताजेपणाची. उष्ण समुद्रातला मासा लवकर नासतो, आणि शिळ्या राणीच्या मांसाची वडी चिवट होत नाही. म्हणजे नौकेवरच बर्फ नीट लागला पाहिजे. ज्या माशाला कुटीच्या ढिगात लोटत त्याला आता खणात बर्फाच्या थरांत निजवायचं. तांडेलाला हे शिकवायला व्याख्यानं लागली नाहीत. लिलावाच्या भावाने ते शिकवलं.

गणपतीपुळ्याला उतरलेला पर्यटक देवळाजवळच्या खानावळीत उकडीचे मोदक खातो, संध्याकाळी जरा लांबच्या हॉटेलात तळलेली सुरमई मागवतो. तीही बहुधा कुठल्या तरी बंदराच्या लिलावातूनच आलेली असते. राणी मासा त्या थाळीत येत नाही. बंदर ते कारखाना, कारखाना ते गोठवणी पेटी आणि तिथून परदेश, असा त्याचा वेगळाच रस्ता. मग मुंबई-पुण्याच्या दुकानांतल्या थंड पेट्यांत खेकड्याच्या कांड्या होऊन त्यातला थोडा परत येतो. कुर्ल्यांचं कालवण खाऊन वाढलेल्या माणसाने त्या कांडीला काय म्हणावं हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

रत्नागिरीत सुरिमीचा कारखाना उभा राहिला नेमक्या त्याच वर्षांत देशाच्या मासेमारीचा सर्वांत मोठा राजकीय तंटाही पेटला होता. मोठ्या जहाजांचा सोस दिल्लीने सोडला नव्हता. सत्तर-ऐंशीच्या दशकांत युनियन कार्बाइड, ब्रिटानिया अशा कंपन्यांनीही कोळंबी आणि मासळीच्या धंद्यात पाय टाकून पाहिला होता. १९८१च्या कायद्याने परदेशी जहाजांना परवान्यावर आत घ्यायची वाट काढली. १९९१च्या खोल समुद्र धोरणाने ती वाट सताड उघडली: संयुक्त कंपन्या, भाड्याची जहाजं, निर्यात. किनाऱ्याकिनाऱ्यावरचे मच्छीमार याविरुद्ध उठले. १९९४मध्ये देशभर बंद झाला. मच्छीमारांचे नेते थॉमस कोचेरी यांनी मे १९९५मध्ये पोरबंदरला उपोषण केलं. महाराष्ट्रात सातपाटीच्या रामभाऊ पाटलांसारखे नेते या लढ्यात पुढे होते. सरकारने पी. मुरारी यांची समिती नेमली. १९९६च्या फेब्रुवारीत तिने एकवीस शिफारशींचा अहवाल दिला. नवे परवाने देऊ नका, आहेत ते रद्द करा, खोल समुद्रात जायचं असेल तर आपल्याच मच्छीमारांच्या नौका सुधारा. १९९७मध्ये सरकारने त्या मान्य केल्या. विल्यम कॅरिकपासून चालत आलेला जहाजांचा हट्ट निदान त्या वेळेपुरता पंचाहत्तर वर्षांनी थांबला.

किनाऱ्यावरच्या कारखानदारांना त्याच वर्षी वेगळा धक्का बसला. ऑगस्ट १९९७मध्ये युरोपीय संघाने भारतीय मासळी घ्यायची बंद केली. कारण स्वच्छतेचं. पाणी कुठलं, बर्फ कुठल्या पाण्याचा, कोळंबी सोलणाऱ्या बायांचे हात कुठे धुतले जातात, सोलण्याची शेड कारखान्याच्या आत आहे की कुठल्या पत्र्याच्या आडोशाला. अमेरिकेचे नवे नियमही त्याच वर्षीच्या डिसेंबरात लागू झाले. बंदी पुढे तपासलेल्या कारखान्यांपुरती उठली, पण धंद्याचं रूप पालटलं. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा, शीतगृह आणि कागदपत्रं ठेवणारी माणसं होती ते टिकले. वजनावर मजुरी घेऊन घरालगतच्या शेडमध्ये कोळंबी सोलणाऱ्या बायकांचं काम मोठ्या कारखान्यांच्या दाराआड गेलं. आत पंखे, टोप्या, पांढरे बूट आणि ठरलेली पाळी. त्यात त्यांचं भलं किती झालं आणि नुकसान किती, हे ज्या त्या बाईच्या घरच्या परिस्थितीवर होतं. सरसकट उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मात्र भाव लावण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती टाळून हा इतिहास लिहिता येणार नाही. ज्या माशाला भाव नसतो तो वाया जातो, हे खरं. पण ज्या माशाला भाव येतो तो सुटत नाही. राणी विकली जाऊ लागली तशी बोटभर लांबीची पिल्लंही जाळ्यात राहू लागली. बारीक आसाच्या जाळ्यांना कारण मिळालं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा. ट्रॉलरने पाच ते दहा वावांच्या आत यायचं नाही असं तो सांगतो. रात्रीच्या अंधारात किती वाव पाणी आहे हे मोजायला जाणार कोण? लहान होडीवाला सकाळी आपलं जाळं फाटलेलं पाहायचा.

कर्नाटकात सत्तरच्या दशकाच्या मध्यात पर्ससीन जाळं आलं आणि पुढे ते रत्नागिरीतही आलं. बांगड्याच्या किंवा तारलीच्या अख्ख्या थव्याला गोल घेरायचं आणि खालून बटव्याची नाडी ओढावी तसं जाळं आवळायचं. ज्या थव्याच्या वाट्यांवर पूर्वी एक वाडी जगे तो एका नौकेत मावू लागला. राज्यातल्या पर्ससीन नौकांचा मोठा हिस्सा रत्नागिरीचा, त्यामुळे भांडणही इथेच तापलं. मजा म्हणजे पर्ससीनवाला आणि रापणवाला पुष्कळदा एकाच गावचे, एकाच मोहल्ल्यातले. मुंबईतल्या वर्तमानपत्रांनी ते भांडण भांडवलदार आणि गरीब असं मांडलं. मिरकरवाड्यात ते भावाभावांतलं होतं.

पर्ससीनच्या प्रश्नावर नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ला आदेश काढला. पर्ससीनला वर्षातले चारच महिने, सप्टेंबर ते डिसेंबर. परवाने हळूहळू कमी करत १८२वर आणायचे. २०१७मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांनी मासा बोलावून मारण्यावर बंदी घातली. २०२३मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच सुमारास पन्नासहून अधिक जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. किनाऱ्यावर याची अंमलबजावणी पाहायची तर मत्स्य खात्याकडे गस्तीच्या नौका किती आणि पाणी किती, एवढा हिशोब पुरे.

जून २०१९मध्ये ‘वायू’ चक्रीवादळ आलं तेव्हा दहा चिनी मासेमारी जहाजांनी आसरा मागितला आणि तटरक्षक दलाने त्यांना रत्नागिरीच्या बंदरक्षेत्रात थांबू दिलं. ती दूर अरबी समुद्रात मासेमारी करत होती. त्यांना पाहून पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार या दोघांनीही आपापली कैफियत खरी ठरल्याचं सांगितलं असेल, तर नवल नाही.

२०२१च्या अखेरीस राज्याच्या मासेमारी नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेले. तेव्हा २०२२च्या सुरुवातीला रत्नागिरीत साखळी उपोषणाला बसले ते पर्ससीनवाले. पंचवीस वर्षांपूर्वी परदेशी जहाजांविरुद्ध लहान मच्छीमारांनी धरलेलं हत्यार आता नौकामालकांच्या हातात होतं. मागणी एवढीच, की जानेवारीनंतरही बारा मैलांबाहेर जाळं टाकू द्या. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या नौका बँकेच्या कर्जावर उभ्या होत्या, आणि हप्ते बाराही महिने येत होते.